पितळेची रीत आणि पोलादाचे पाते

तमिळनाडूत कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मध्ये वसलेले कुंभकोणम हे नगर देवालयांसाठी जितके विख्यात आहे, तितकेच धातुकामासाठीही. जवळच्या स्वामिमलै येथे स्थपती मेणाच्या नमुन्यावरून काशाच्या मूर्ती ओततात. नाच्चियारकोयिल येथे पितळेच्या उंच समया घडविल्या जातात. अशा परिसरात धातू उजळण्याची विद्या घरोघर ठाऊक असावी यात नवल नाही. शुक्रवारच्या पूजेपूर्वी चिंचेचा कोळ लावून घासलेले दिवे सोन्यासारखे झळकू लागतात. ही रीत इतकी जुनी आणि इतकी हमखास आहे की, कोणत्याही मळलेल्या धातूला तीच लागू पडेल असे सहज वाटावे.

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले आणि पुढे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ तेथे मराठी घराणे नांदले. त्या काळात आलेल्या कुटुंबांपैकी अनेक कुंभकोणम येथे स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावी झाला. स्वयंपाकघरात शिरले तर दोन्ही भाषिकांची हत्यारेही एकमेकांना ओळख देतात. मराठीत जिला विळी म्हणतात, तीच तमिळमध्ये अरिवाळ्मणै. लाकडी पाटावर उभे केलेले वक्र पाते आणि टोकाला नारळ खवण्याची दातेरी चकती, ही रचना दोहोंकडे सारखीच आहे.

आता या विळीच्या शेजारी कित्येक घरांत जपानी बनावटीची सुरी येऊन बसू लागली आहे. ती महाग असते आणि पहिले काही दिवस तिची धार पाहून घरातील माणसे चकित होतात. नंतर केळफूल चिरले जाते, कैरी चिरली जाते, सुरी ओली राहते. पात्यावर प्रथम निळसर काळे डाग पडतात, मग कडेला तांबूस ठिपके दिसतात. अशा वेळी दिवे घासणारा हात सवयीने चिंचेकडे वळतो. पाते क्षणभर स्वच्छ होते खरे. पण तासाभराने पाहावे तो त्यावर नारिंगी गंजाची साय पसरलेली असते. दिव्याला जे तारक, ते पात्याला मारक का ठरले?

चिंच काय करते

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. हवेत राहिल्याने त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ, मळकट थर चढतो. चिंचेत मुख्यतः टार्टारिक आम्ल असते. ते हा थर विरघळविते आणि खालचा धातू उघडा पडला की त्याचे काम जवळजवळ थांबते. कारण सौम्य आम्लाला तांबे दाद देत नाही. चिंच फार वेळ ठेवली तर वरचे थोडे जस्त निघून जाऊन भांड्यावर तांबूस छटा येते, एवढाच काय तो धोका.

लोखंडाचे तसे नाही. रासायनिक क्रियाशीलतेच्या क्रमात लोह हे हायड्रोजनच्या वर आहे. त्यामुळे आम्ल प्रथम गंज विरघळविते आणि तेथे न थांबता खालच्या लोखंडालाच हात घालते. धुतल्यानंतर जो पृष्ठभाग उरतो तो कोरलेला, खरबरीत आणि ओला असतो. गंजासाठी पाणी आणि ऑक्सिजन ही दोनच सामग्री लागते; दोन्ही तेथे हजर असतात. शिवाय गंज हा तांब्याच्या ऑक्साइडप्रमाणे चिकटून राहणारा थर नव्हे. तो फुगतो, सच्छिद्र होतो, पापुद्रे धरतो आणि ओल धरून ठेवून खालच्या धातूचा घास चालूच ठेवतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर स्वच्छ, कोरडे लोखंड फार सावकाश गंजते. कावेरीच्या खोऱ्यात ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, इतकी कोरडी हवा क्वचितच मिळते. त्यात मिठाचा हात लागला की गंजाचा वेग आणखी वाढतो.

काळ्या डागांची गोष्ट मात्र निराळी आहे आणि तिच्याविषयी बरीच गैरसमजूत आढळते. केळफूल, कच्चे केळे, कैरी, आवळा यांत टॅनिन वर्गातील द्रव्ये असतात. लोहाशी त्यांचा संयोग झाला म्हणजे निळसर काळे संयुग बनते. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस एकत्र उकळून काळी शाई करीत असत. पात्यावर उमटते ती तीच शाई होय. हा थर पातळ असतो, घट्ट बसतो, आणि गंजाला थोडाबहुत अडथळाही करतो. ओल्या पांढऱ्या फडक्याने पाते पुसून पाहावे. फडक्यावर नारिंगी डाग उमटला तर तो गंज, त्याचा बंदोबस्त करावा. काही न उमटता पाते नुसते काळसर राहिले तर त्याच्या वाटेस जाऊ नये. काळवंडलेले पाते म्हणजे अस्वच्छ पाते नव्हे. ते आरशासारखे लखलखावे या हौसेपायी दर आठवड्याला घासत राहणे म्हणजे विकत घेतलेले पोलाद मोरीत सोडणे होय.

झिलई म्हणजे काय

पोलाद उजळावयाचे तर आम्लाऐवजी घर्षणाचा आश्रय करावा लागतो. शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्या कारागिराला मराठीत शिकलगार म्हणतात. लाखेत कुरुंदाची पूड कालवून केलेली चाके हे आपल्याकडील अशा कारागिरांचे जुने साधन. या कुरुंदाची कथा मनोरंजक आहे. कुरुंद हे ॲल्युमिनियमचे नैसर्गिक ऑक्साइड. माणिक आणि नीलम ही त्याचीच पारदर्शक रूपे. तमिळनाडूच्या सेलम भागात तो सापडतो. तमिळमधील ‘कुरुंदम’ हाच शब्द युरोपीय खनिजशास्त्राने ‘कोरंडम’ म्हणून स्वीकारला. पुढे अमेरिकन संशोधक ॲचेसन याने विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार केले तेव्हा त्याला त्याने ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले, आणि अशा रीतीने एक दाक्षिणात्य शब्द जगभरच्या कारखान्यांत जाऊन बसला. आज जपानहून येणारे कृत्रिम पाणदगड बहुतांशी याच दोन द्रव्यांच्या कणांचे बनलेले असतात.

कठीण कण मऊ पृष्ठभागावर घासला की त्यात चर पडतो. चांगल्या जपानी पात्याची कठीणता विकर्स मापाने सुमारे ७५० भरते. वाळूतील गारगोटीची सुमारे १,१००, आणि कुरुंदाची सुमारे २,०००. म्हणूनच विटकरीच्या पुडीनेही पाते घासले जाते. फक्त तिचे कण लहानमोठे आणि बेभरवशाचे असल्याने एखादा खोल ओरखडा पाडून जातात. झिलईचे सारे मर्म कणांच्या आकारात आहे. जपानी मानकानुसार ४०० क्रमांकाच्या दगडातील कण साधारण ३० मायक्रॉनचे असतात, १,००० क्रमांकाचे १२ ते १५, ३,००० क्रमांकाचे ४ ते ५, आणि ६,००० क्रमांकाचे सुमारे २ मायक्रॉनचे. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या मापांची कल्पना यावी. प्रकाशलहरींची लांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. चर या लांबीच्या तुलनेत पुष्कळ उथळ झाले म्हणजे प्रकाश विखुरणे थांबते आणि पृष्ठभाग आरशासारखा दिसू लागतो.

म्हणजे झिलई करताना ओरखडे नाहीसे होतात की केवळ बारीक होतात? न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात दुसरे मत मांडले होते : काच घासणारी पूड मोठे ओरखडे घालवून त्या जागी इतके सूक्ष्म ओरखडे आणते की ते दिसत नाहीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बील्बी या शास्त्रज्ञाने याला आव्हान दिले. घासल्याने धातूचा वरचा थर द्रवासारखा वाहून खड्डे भरून काढतो, असे त्याचे म्हणणे होते. १९३७ साली बोडेन आणि ह्यूज यांनी या मताला पुष्टी देणारे प्रयोग केले. त्यांतील एक आपल्या देवघरातील वस्तूशी संबंधित आहे. कापूर हा काही कठीण पदार्थ नव्हे. पण तो १७८ अंश सेल्सियसपर्यंत वितळत नाही, आणि वुडचा मिश्रधातू मात्र ७० अंशांच्या सुमारासच वितळतो. कापराने घासले असता हा धातू झळकू लागतो. २३२ अंशांवर वितळणाऱ्या कथिलावर मात्र कापराचा विशेष परिणाम होत नाही. यावरून झिलईत कठीणतेपेक्षा वितळबिंदूचे महत्त्व अधिक, असा निष्कर्ष काढण्यात आला. पुढे १९५० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील सॅम्युएल्स यांनी झिलई केलेल्या धातूंचे छेद घेऊन दाखवून दिले की, नेहमीच्या झिलईत कण धातूला कापतच असतात. फक्त कातरण अतिसूक्ष्म असते आणि चराखाली विरूपित धातूचा एक थर राहून जातो. घरी पाते घासणाऱ्याने न्यूटनची बाजू धरून चालावे. प्रत्येक चकाकी धातू खर्ची घालूनच मिळते.

जपानी पात्याची रचना

पारंपरिक जपानी सुरी एकजिनसी नसते. धारेचे पोलाद अतिशय कठीण असते. शिमाने प्रांतातील यासुगी येथे तयार होणाऱ्या ‘पांढऱ्या कागदाच्या’ पोलादात कार्बनचे प्रमाण प्रकारानुसार एक ते सव्वा टक्क्याच्या आसपास असते. पांढरा व निळा ही नावे पोलादाच्या रंगावरून नव्हे, तर त्याला गुंडाळलेल्या कागदाच्या रंगावरून पडली आहेत. इतके कठीण पोलाद काचेसारखे ठिसूळ असल्याने त्याला मऊ लोखंडाची जोड देतात. कधी एका बाजूने, तर कधी दोन्ही बाजूंनी लोखंड व मध्ये पोलाद, पोळीत पुरण असावे तसे. ओसाकाजवळचे साकाई शहर एका बाजूने धार असलेल्या सुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. या सुरीची मागची बाजू किंचित खोलगट असते.

कार्बनने समृद्ध पोलाद ही गोष्ट भारताला नवीन नव्हती. मुशीत वितळवून केलेले दक्षिण भारतातील पोलाद युरोपात ‘वुट्झ’ नावाने ओळखले जाई. मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला धाडले आणि १७९५ साली पिअर्सन यांनी त्यावरील प्रयोग रॉयल सोसायटीपुढे मांडले. पुढे स्टोडार्ट या लंडनच्या सुरीकाराने फॅरडेच्या साहाय्याने त्याच्यावर संशोधन केले.

मऊ लोखंड आणि कठीण पोलाद एकाच दगडावर घासले असता लोखंडावर खोल चर पडून ते धुरकट दिसते, तर पोलाद उजळ राहते. या धुरकट झिलईला जपानी भाषेत ‘कासुमी’, म्हणजे धुके, असे म्हणतात. ती कारागिराची उणीव नसून दोन धातूंची सीमा दाखविणारी खूण आहे. यंत्राच्या कापडी चाकावर घासून सगळे पाते एकसारखे चकचकीत केले की ही सीमारेषा पुसली जाते आणि पात्याच्या कडाही गोलावतात.

घरी करावयाचे काम

प्रथम सुरी कोणत्या जातीची आहे ते पाहावे. पात्यावर एका जागी लिंबाचा थेंब ठेवून पाच-सात मिनिटांनी पुसावा. करडा डाग राहिला तर ते कार्बनयुक्त पोलाद. डाग न पडल्यास त्यात क्रोमियम पुरेसे आहे असे समजावे. क्रोमियमच्या अदृश्य ऑक्साइड थरामुळे ते सुरक्षित राहते. कित्येक सुऱ्यांत बाहेरचा थर न गंजणारा आणि फक्त धारेचे पोलाद कार्बनचे असते, म्हणून थेंब धारेजवळ आणि वर असा दोन्ही ठिकाणी ठेवून पाहणे योग्य.

गंज काढण्यासाठी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्याचा लेप बुचाच्या तुकड्याने घासावा. सोडा मऊ असल्याने पोलादाला ओरखडत नाही आणि तो अल्कधर्मी असल्याने नव्या गंजाला उत्तेजनही देत नाही. एवढ्याने भागले तर पुढे जाऊच नये.

ओरखडे किंवा गंजाचे खड्डे राहिले असतील तर पाते पाटावर सपाट ठेवून धारेवर चिकटपट्टी लावावी. पाण्यात चालणारा पॉलिशपेपर लाकडाच्या लहान ठोकळ्याला गुंडाळून घासावे. हाताची ओढ नेहमी पाठीच्या दिशेने असावी, उघड्या धारेकडे कधीही नसावी. ४०० क्रमांकापासून आरंभ केला तर ८००, मग १,५०० असे दुपटीच्या आसपास चढत जावे. घाईने मोठी उडी मारली तर जुने चर तसेच राहतात आणि नव्या चकाकीत उलट उठून दिसतात. पायरी बदलताना घासण्याची दिशा तिरपी बदलावी. मागील पायरीच्या रेषा दिसेनाशा झाल्या की त्या पायरीचे काम झाले. भिंगातून पाहिल्यास शंका उरत नाही. प्रत्येक पायरीनंतर पाते, ठोकळा आणि हात धुऊन घ्यावेत. मागील कागदाचा एकच चुकार कण पुढील अर्ध्या तासाचे काम फुकट घालवू शकतो. गंजाचा खड्डा खोल असेल तर त्याच्या तळापर्यंत सगळे पाते खाली आणण्याचा हट्ट धरू नये. खड्ड्यातील गंज निघाला की पुरे. पाते पातळ करून मिळविलेली सुबकता पुढे अंगाशी येते.

धार लावण्याचे काम शेवटी. १,००० क्रमांकाचा दगड पाण्यात भिजवून ओल्या फडक्यावर बसवावा. दोन्ही बाजूंनी धार असलेले पाते दगडाशी १२ ते १५ अंशांचा कोन करून, म्हणजे धार दगडावर टेकवून पाठ साधारण सुरीच्या रुंदीच्या चतुर्थांशाइतकी उचलून, मागेपुढे न्यावे. काही वेळाने विरुद्ध बाजूस धातूची अतिसूक्ष्म झालर बोटाला जाणवते. तिचा अर्थ असा की, या बाजूचा उतार धारेपर्यंत पोहोचला. मग पाते उलटावे. शेवटी ३,००० किंवा ६,००० क्रमांकाच्या दगडावर हलक्या हाताने झालर उतरवावी. एकाच बाजूने धार असलेल्या सुरीचा रुंद उतार दगडावर सपाट बसवावा आणि खोलगट पाठ फक्त अखेरीस, अगदी बारीक दगडावर दोन-चार वेळा आडवी फिरवावी. ती खोली जपणे अत्यावश्यक आहे. पाठ घासून सपाट केलेली सुरी पूर्ववत करणे घरी शक्य होत नाही. दगडही मध्ये झिजून खोलगट होतो, म्हणून काचेवर पसरलेल्या खरखरीत कागदावर तो अधूनमधून सपाट करून घ्यावा लागतो.

चाकाचा धोका

दारावर फिरते चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याची सेवा शहरातील घरांना सोयीची असते, आणि विळीसारख्या जाड पात्याला ती बहुधा चालूनही जाते. जपानी पात्याला मात्र ती घातक आहे. चाकातून उडणारी ठिणगी म्हणजे पोलादाचा जळता कण होय. पात्याची कडा कागदासारखी पातळ असल्याने तेथील उष्णता आत वाहून जाण्यास वाव नसतो आणि ती कडा क्षणार्धात तापते. पाणी दिलेले पोलाद कठीणता टिकवून थोडे चिवट व्हावे म्हणून ही पाती साधारण १५० ते २०० अंशांवर पुन्हा तापविलेली असतात. त्याहून अधिक उष्णता लागली की कठीणता कमी होऊ लागते. त्याची खूण पोलाद स्वतःच देते: सुमारे २२० अंशांवर ऑक्साइडचा फिका पिवळा रंग, २६०च्या सुमारास तपकिरी, ३०० जवळ निळा. धारेवर निळी रेघ दिसली तर तेवढ्या भागाची धार पुढे टिकत नाही, आणि निळा भाग संपेपर्यंत कडा घासून टाकण्यावाचून दुसरा इलाज उरत नाही. दगडावर हाताने काम करताना पाण्यामुळे पाते कोमटसुद्धा होत नाही. वेळ अधिक लागतो, पण तो वेळ पात्याचे आयुष्य विकत घेतो.

विळीला धार लावण्याचा क्रम उलटा आहे. सुरीच्या बाबतीत दगड स्थिर असतो आणि पाते फिरते. विळीचे पाते पाटात पक्के बसविलेले आणि आतल्या बाजूस वळलेले, म्हणून तेथे पाते स्थिर आणि दगड फिरता. सपाट दगडाने आतली कमान साधत नाही. गोलसर कडेचा, हातात मावेल असा दगड घेऊन तो पाटाकडून टोकाकडे न्यावा. बोटे दगडाच्या मागे राहतील अशी पकड असावी आणि काम करणाराने विळीवर बसून नव्हे, तर तिच्या बाजूला बसून हे करावे.

काम झाल्यावर पाते गरम पाण्याने धुऊन लगेच कोरडे करावे; पुसताना फडके पाठीकडून धारेकडे न्यावे, धारेच्या लांबीने नव्हे. मग तेलाचा हलका हात द्यावा. जपानमध्ये यासाठी कॅमेलियाच्या बियांचे तेल वापरतात. आपल्याकडे करडई किंवा सूर्यफूल तेल लावण्याचा मोह होतो; पण या तेलांतील असंतृप्त मेदाम्ले हवेतील ऑक्सिजन घेऊन चिकट राळेसारखी घट्ट होतात. खोबरेल बहुतांशी संतृप्त असल्याने तसे होत नाही. ते २४-२५ अंशांखाली थिजते. कुंभकोणमच्या उष्ण हवेत ही अडचण बहुधा येत नाही, पण नाशिक किंवा पुण्याच्या थंडीत ते बोटांवर किंचित कोमट करून लावावे. पावसाळ्यात सुरी चामड्याच्या किंवा ओलसर लाकडाच्या म्यानात ठेवू नये. कोऱ्या कागदात गुंडाळून चुलीपासून दूर, कोरड्या फळीवर ठेवावी आणि आठ-दहा दिवसांनी एकदा कागद बदलावा.